शाकारणी विसरलेल्या शाळा

मी लोणावळ्यात शिकत होते तेव्हा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शाळेच्या छपरावर माणसे चढत. सुट्टी असली तरी आम्ही पोरे आवारातच खेळायला असायचो, त्यामुळे ते सगळे पाहायला मिळे. दोघे आढ्यापाशी बसत, एक जण शिडीवर, एक खाली. कौले एकेक करून काढायची, मागची पाने-माती झाडायची, फुटके बाजूला टाकायचे, धड पुन्हा बसवायचे. कुजलेली रीप असेल तर तेवढीच बदलायची. दोन-तीन दिवसांत काम उरके. आमच्या घरी अब्बा त्याला मरम्मत म्हणत, शेजारचे लोक शाकारणी म्हणत. दोन्ही शब्द मला एकाच वयात आणि एकाच छपराखाली मिळाले.

आज मी मावळातल्या ज्या शाळेत शिकवते तिथे हा शब्द मुलांना ठाऊक नाही. मागच्या वर्षी वर्गात विचारले तर एका मुलाने शाकारणी म्हणजे शाकाहारी जेवण असे उत्तर दिले. हसू आले, पण चूक त्याची नव्हती. त्याने कधी शाकारणी पाहिलेलीच नाही.

आमच्या शाळेच्या आवारात दोन इमारती आहेत. एक जुनी, तीन खोल्यांची, काळ्या दगडाची, पुढे पडवी. दुसरी साधारण तीस वर्षांपूर्वीची, स्लॅबची. जुन्या इमारतीच्या निर्लेखनाचा प्रस्ताव सध्या फायलीत आहे. निर्लेखन हा सरकारी शब्द. इमारत हिशेबातून कमी करायची, म्हणजे पाडायची. शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय निघाला तेव्हा मला बोलायला उभे राहावे लागले, आणि बोलण्याआधी थोडे वाचावे लागले. त्या वाचनातून हा लेख झाला आहे. गावाचे आणि शाळेचे नाव मुद्दाम देत नाही. अशा शाळा मावळात एक-दोन नाहीत.

या इमारती आल्या कुठून? मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात 'लोकल फंड' सुरू झाला. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घ्यायचा, त्यातला एक तृतीयांश शाळांना आणि बाकीचा रस्त्यांना. १८६९ मध्ये त्याचा कायदा झाला. म्हणजे खेड्यातली शाळा ही साहेबाची मेहेरबानी नव्हती. भात पिकवणाऱ्या मावळ्याने साऱ्यावर आणा भरला, त्यातून ती उभी राहिली. पुढे लोकल बोर्ड आले, १९२३ च्या कायद्याने स्कूल बोर्ड आले, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. पाटी बदलत गेली, भिंती त्याच राहिल्या.

मावळातल्या जुन्या बांधकामावर रेल्वेचा हात दिसतो. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली आणि बोरघाटाचा चढ २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. त्या सात-आठ वर्षांत घाटात हजारो माणसे राबली आणि किती मेली याची नीट गणती कोणी ठेवली नाही. पण त्या कामाने या पट्ट्यात दगड घडवण्याचे कसब मुरले. काळा पाषाण जागचाच होता, तो फोडायला वडार होते, चुना भाजायला लोणारी होते. वरचे कौल मात्र बाहेरून आले. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळुरात यंत्रावर कौले पाडायचा कारखाना काढला आणि 'मंगलोरी कौल' हा शब्द पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोहोचला. आगगाडी झाल्यावर ते घाट चढून वर आले. नळीच्या देशी कौलापेक्षा हे एकमेकांत अडकून बसे, वाऱ्याने सहज उडत नसे.

मावळातला पाऊस ज्याने पाहिला नाही त्याला छपराची एवढी चर्चा कशाला असे वाटेल. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तळेगावपर्यंत येता येता तो तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतो. एकाच तालुक्यात इतका फरक. त्यातही लोणावळ्याकडचा पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त. झड येते ती पश्चिमेकडून, सरळ भिंतीवर. जुन्या गवंड्यांना हे माहीत होते. म्हणून जोते उंच, वळचण लांब, पडवी पावसाच्या बाजूला, आणि भिंत हातभर जाड. पागोळ्या भिंतीपासून दूर पडल्या पाहिजेत, हा साऱ्या मांडणीचा मुद्दा होता. पाणी आत शिरणारच हेही धरलेले असे. शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट हवी, ती चुन्याच्या दर्जांनी दिली होती.

चुन्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण सगळे भांडण तिथेच आहे. चुनखडी भट्टीत भाजायची, कळीचा चुना पाण्यात टाकून शांत करायचा, मग वाळूबरोबर घाणीत दळायचा. घाणी म्हणजे गोल चर, त्यात दगडी चाक, ओढायला बैल. मोठ्या कामांत गूळ, हिरड्याचे पाणी, बेलफळाचा गर घालत. हिरडा आपल्या सह्याद्रीतलाच. असा चुना हळूहळू घट्ट होतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतो, आणि कडक झाला तरी त्याला बारीक छिद्रे राहतात. भिंतीतला ओलावा त्या छिद्रांतून बाहेर पडतो. सिमेंटचे उलट. ते लवकर कडक होते, ताकद जास्त, पण ओल सोडत नाही. नव्या विटेच्या भिंतीला त्याचा फार त्रास नाही. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीला मात्र बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला की पावसात शिरलेले पाणी आतच अडकते. मग लोणा लागतो, गिलाव्याला पोपडे येतात, तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजते आणि वाळवीला आमंत्रण मिळते.

आमच्या जुन्या इमारतीला नेमके हेच झाले. वीसेक वर्षांपूर्वी तिची 'दुरुस्ती' झाली. कौले उतरवून पत्रे चढवले, भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, पडवीला लोखंडी जाळी लावली. काम चांगल्या हेतूने झाले असेल. पत्रा आला की दरवर्षी माणसे चढवायला नकोत, खर्च वाचला, शाकारणीचा विषय संपला. पण पत्र्याखाली एप्रिलमध्ये मुले भाजून निघतात आणि जुलैत पावसाच्या आवाजात शिकवणे बंद पडते. मी फळ्यावर लिहिते, मुले वहीत उतरवतात, ऐकू कोणालाच काही येत नाही. उच्चार शिकवायचे असतात. 'काफ' आणि 'क़ाफ'मधला, 'ल' आणि 'ळ'मधला फरक पत्र्याखाली कसा शिकवायचा ते मला कोणत्याही प्रशिक्षणात सांगितले गेले नाही. बीएडलाही नाही.

समितीच्या विनंतीवरून एक म्हातारे गवंडी भिंत पाहायला आले होते. त्यांनी जोत्यापाशी गिलाव्यावर हातोडी वाजवली. पोकळ आवाज आला. तळहाताएवढा तुकडा काढून आतला दगड दाखवला, दर्जेतला चुना नखाने उकरून पाहिला. म्हणाले, "भिंत मेलेली नाही बाई. तिला घाम येतोय आन् तुम्ही तिला रेनकोट घातलाय."

आता गंमत अशी, की मागच्या जुलैत पडला तो तुकडा या इमारतीचा नव्हता. तो पडला नव्या इमारतीत, तिसरीच्या वर्गात, मधल्या सुट्टीत. स्लॅबमधल्या सळया गंजल्या, गंजून फुगल्या आणि खालचे काँक्रीट सुटून बाकावर आले. मुले बाहेर डबा खात होती म्हणून निभावले. धोकादायक म्हणून कागदावर नाव मात्र जुन्या इमारतीचे, कारण ती जुनी दिसते.

जुने दिसणे हाच गुन्हा ठरण्याचा प्रकार मराठवाड्यात जास्त ठळक आहे. तिथे 'निजामकालीन शाळा' हे शब्द वर्तमानपत्रात बहुतेक वेळा पडझडीच्या बातमीतच येतात. हैदराबाद संस्थानाच्या काळातल्या त्या खोल्यांत आजच्या आजोबांची पिढी उर्दूत शिकली, नंतरची मराठीत. अनेक खोल्या खरोखर मोडकळीला आल्या आहेत आणि तिथे मुलांना बसवू नये हेच बरोबर. पण त्या मोडकळीला का आल्या, हा प्रश्न निजामाकडे बोट दाखवून सुटत नाही. निजामाचे राज्य १९४८ मध्ये गेले. त्यानंतरच्या पाऊणशे पावसाळ्यांत कौले कोणी फिरवायची होती?

आपल्याकडे, म्हणजे मुस्लीम समाजात, शिक्षणाच्या इतिहासावर बोलताना संस्थापकांची नावे घेतली जातात. इमारत उभी करणाऱ्याचे नाव दगडात कोरले जाते, ती टिकवणाऱ्याचे नाही. वास्तविक वक्फच्या फिक्हमध्ये याबाबत फार स्पष्ट नियम आहे. हनफी फकीहांनी सांगितले आहे, की वक्फच्या उत्पन्नातून सर्वांत आधी त्या मालमत्तेची मरम्मत करायची, वाकिफने तशी अट लिहिली असो वा नसो. लाभार्थ्यांचा हक्क त्यानंतर. कारण उघड आहे, मूळ वस्तूच राहिली नाही तर लाभ कशातून देणार? मुतवल्लीचे पहिले काम छप्पर पाहणे. आपल्या किती मशिदी, मदरसे आणि शाळांच्या विश्वस्तांना हा नियम आठवतो ते वाचकांनी आपापल्या गावात पाहावे. नवा मजला चढवायला चंदा गोळा होतो. गटार साफ करायला होत नाही.

या संदर्भात बिदरची आठवण येते. बहामनी वजीर महमूद गवान याने १४७२ मध्ये तिथे मदरसा बांधला. तीन मजली इमारत, वर्ग, ग्रंथालय, मशीद, शिक्षक आणि विद्यार्थ्यांना राहायच्या खोल्या, दर्शनी बाजूला रंगीत चकाकत्या फरशा. नऊ वर्षांनी, १४८१ मध्ये, खोट्या आरोपावरून सुलतानाने गवानाला ठार करवले, तरी मदरसा राहिला. तो उद्ध्वस्त झाला सतराव्या शतकाच्या अखेरीस, औरंगजेबाच्या काळात, आणि तोही शत्रूच्या हल्ल्यात नव्हे. शिकवण्याच्या जागेत सैन्य आणि दारूगोळा ठेवला होता, त्याचा स्फोट झाला. दर्शनी भागाचा मोठा हिस्सा आणि एक मिनार गेला, दुसरा आजही उभा आहे. शाळेचे कोठार केले की काय होते हे त्या अर्ध्या दर्शनी भागात दिसते. आपल्याकडच्या किती जुन्या वर्गखोल्या आज मोडके बाक, निवडणुकीचे सामान आणि तांदळाची पोती ठेवायला वापरल्या जातात! तिथे दारूगोळा नाही एवढेच.

उलट उदाहरणही आहे. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना १८७४ मध्ये झाली, बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून. बोरीबंदर स्टेशनासमोरची तिची शाळेची इमारत १८९३ मध्ये खुली झाली. तिथे अजून वर्ग भरतात. चालू असलेली शाळा ही इमारतीची सर्वांत चांगली राखण असते, कारण गळती लागली तर त्याच दिवशी कोणाच्या तरी डोक्यावर थेंब पडतो.

आणि पुण्यातला भिडे वाडा. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा तिथे सुरू केली. घर सोडावे लागल्यावर त्यांना उस्मान शेख यांनी आसरा दिला हे आपण सांगतो. फातिमा शेख यांच्या अस्तित्वावरच अलीकडे शंका घेणारे निघाले, त्यांना सावित्रीबाईंचे १० ऑक्टोबर १८५६ चे पत्र दाखवावे लागते, त्यात फातिमाचा उल्लेख आहे. कागद राहिला म्हणून नाव राहिले. वाड्याचे मात्र हाल झाले. वर्षानुवर्षे खाली दुकाने, वर पडझड आणि मध्ये कोर्टकज्जा. शेवटी निकाल महापालिकेच्या बाजूने लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत वाडा पाडला गेला. तिथे राष्ट्रीय स्मारक होणार आहे. होऊ दे, त्याला माझा विरोध नाही. पण तेरा-चौदा वर्षांपूर्वी माझ्या विद्यार्थिनींना घेऊन मी त्या वाड्यासमोर उभी राहिले होते. आत जाता आले नाही, तरी एका मुलीने भिंतीला हात लावून पाहिला होता. नव्या स्मारकाच्या भिंतीला हात लावून तिला ते वाटेल का, हे मला सांगता येत नाही.

मावळात परत येते. तळेगाव दाभाडे हे राष्ट्रीय शिक्षणाच्या इतिहासात मोठे नाव आहे. विष्णू गोविंद विजापूरकर यांनी १९०६ मध्ये कोल्हापुरात समर्थ विद्यालय काढले, ते पुढे तळेगावला आले आणि १९१० मध्ये सरकारने ते बंद केले. त्याच तळेगावात १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे गावोगाव हिंडून माणशी एक पैसा गोळा करत, त्यातून तो उभा राहिला. लोकल फंडाचा आणा सक्तीचा होता, काळ्यांचा पैसा खुशीचा. दोन्हींतून एक गोष्ट दिसते, की या तालुक्याला थोड्या थोड्या पैशाने मोठे काम करायची सवय होती. शाकारणीही तशीच होती. दरवर्षी थोडे. आज दरवर्षी थोडे असे अंदाजपत्रकात बसत नाही. नव्या खोलीला निधी मिळतो, उद्घाटन होते, फोटो निघतो. पन्नास कौले आणि चार रिपा बदलल्या म्हणून कोण फीत कापणार?

इथे कोणी म्हणेल की लाकूड-दगड फार दिवस टिकत नाही. त्यांनी कार्ल्याला जावे. कार्ले आणि भाजे लेण्यांच्या चैत्यगृहात कमानीखाली लाकडी फासळ्या आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांच्या. लाकूड वयाने मरत नाही, ओलीने मरते. त्या फासळ्यांवर पाऊस पडत नाही आणि त्यांना वारा लागतो, त्यामुळे त्या आहेत. कार्ल्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत, त्यांत व्यापारी आहेत, यवन आहेत, आणि दाराचे काम करणारा सामी नावाचा सुतारही आहे. कारागिराचे नाव दगडात कोरलेले पाहिले की मला बरे वाटते.

पण जुने ते सगळे चांगले, असे मी म्हणत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट माझ्या पिढीला विसरता येत नाही. सुमारे आठ हजार माणसे गेली, त्यांतली बहुतेक मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि जड माळवदांखाली. त्या भिंती जाड होत्या, पण आतून दोन वेगळे थर होते, मध्ये माती आणि भर. आरपार जाणारे दगड नव्हते, त्यामुळे हादऱ्यात थर सुटले. म्हणून जाडी पाहून समाधान मानू नये. त्यानंतर महाराष्ट्रात जे पुनर्वसन झाले त्यात लाखाहून अधिक घरे न पाडता मजबूत केली गेली. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार भोक पाडून सळई आणि काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन्ही थर बांधले जातात. कोपऱ्यांना जाळी, वरून सलग पट्टा. ही विद्या इथल्याच इंजिनिअरांनी इथल्याच भिंतींवर वापरलेली आहे. ती शाळांना लावायला परदेशातून कोणी यायला नको.

आणि घाई का, तेही सांगते. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला, चार जण गेले. तो आमच्याच तालुक्यातला. पूल धोकादायक आहे हे माहीत होते, फलकही होता. त्यानंतर महिना-सव्वा महिन्याने, २५ जुलै रोजी, राजस्थानात झालावाड जिल्ह्यात पिपलोदी गावच्या सरकारी शाळेचे छत कोसळले आणि सात मुले गेली. मग देशभर शाळांच्या तपासणीचे आदेश निघाले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच, कुंभकोणमच्या शाळेतल्या आगीनंतरच्या खटल्यात, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो असे म्हटले होते. त्या आगीत २००४ मध्ये ९४ मुले गेली होती. म्हणून तपासणी हवीच. मात्र तपासणी म्हणजे जीपमधून उतरून इमारतीचे वय विचारणे नव्हे. गिलावा वाजवून पाहा, तुळईची टोके उघडून पाहा, स्लॅबची सळई किती गंजली ते पाहा. मग पाडायची ती पाडा. आमच्या आवारात कदाचित नवी इमारत आधी पाडावी लागेल.

समितीत मी हेच मांडले. पाडण्याच्या बाजूच्या सदस्यांचेही म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. एक पालक म्हणाले, "मॅडम, तुम्ही इतिहास सांगता, माझा पोरगा त्या भिंतीखाली बसतो." याला उत्तर नव्हते, म्हणून मी दिले नाही. सध्या त्या खोल्यांत वर्ग भरत नाहीत, हे त्याच दिवशी ठरले. दुसरे म्हणाले की चुन्याचे काम करणारे आता कोण राहिले. हेही खरे. ते म्हातारे गवंडी आहेत, त्यांचा मुलगा टाइल्स बसवतो. खर्चाचे मात्र कोणाला नीट सांगता येईना, कारण पाडून बांधण्याचे अंदाजपत्रक तयार होते आणि दुरुस्तीचे कोणी काढलेच नव्हते. एवढा दगड पाडला तर राडारोडा कुठे टाकणार आणि नव्या सिमेंट-खडीसाठी आणखी कोणता डोंगर फोडणार, हे त्या अंदाजपत्रकात नसते. जगातल्या कार्बन उत्सर्जनाचा सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे, हे आम्ही पर्यावरणाच्या तासाला शिकवतो आणि घंटा झाली की विसरतो.

शेवटी ठराव झाला तो असा: निर्लेखनाच्या प्रस्तावावर निर्णय होण्याआधी दोन्ही इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट व्हावे आणि जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचे वेगळे अंदाजपत्रक मागवावे. त्यात सिमेंटचा गिलावा काढणे, चुन्याच्या दर्जा भरणे, कुजलेली तुळईची टोके बदलणे, आरपार सळया आणि कौलारू छप्पर, अशी कामे लिहिली. इतिवृत्त मीच लिहिले, पत्र गेले आहे, उत्तर आलेले नाही.

उतरवलेली जुनी कौले शाळेमागे बाभळीखाली रचून ठेवलेली आहेत, वीस वर्षे. मागच्या शनिवारी पाचवीच्या मुलांकडून ती मोजून घेतली. मागच्या बाजूला मंगळूरच्या कारखान्याचे नाव उठवलेले आहे, मुलांनी त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि छाप घेतले. फुटकी वेगळी काढली. धड निघाली ६८३. एका खोलीच्या दोन्ही पाख्यांना थोडी कमी पडतील.